नाशिकची दहावी आणि टेक्सासचा हायस्कूल डिप्लोमा

मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मुलीच्या हातात टेक्सासच्या सरकारी हायस्कुलाचा डिप्लोमा पडला. जुलै २०२२ मध्ये आम्ही नाशिकहून आलो तेव्हा तिच्याजवळ एसएससीचं गुणपत्रक, नववीचं प्रगतीपुस्तक आणि शाळा सोडल्याचा दाखला एवढेच कागद होते. मराठी माध्यमातून थेट इथल्या हायस्कुलात मूल घालणाऱ्या पालकांसाठी हे लिहिते आहे. आम्हाला जे कळायला महिने लागले, ते तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळावं.

इथे बोर्डाची परीक्षा नाही, पण कायदा आहे. २०१३ साली टेक्सासच्या विधिमंडळाने ‘हाउस बिल ५’ मंजूर केलं. त्याआधी हायस्कुलात राज्याच्या पंधरा परीक्षा होत्या, त्या पाचावर आल्या: अल्जिब्रा १, बायॉलॉजी, इंग्लिश १, इंग्लिश २ आणि यूएस हिस्टरी. या ‘स्टार’ परीक्षा. विषय संपला की त्या विषयाची परीक्षा, म्हणून एंड-ऑफ-कोर्स, शाळेत सगळे ईओसी म्हणतात. याच कायद्याने क्रेडिटांचा आराखडाही ठरवला. पाया २२ क्रेडिटांचा, आणि ‘एंडॉर्समेंट’ म्हणजे एखाद्या क्षेत्रावर भर घेतला तर २६. वर्षभराच्या विषयाला एक क्रेडिट, सहामाही विषयाला अर्धं.

डिप्लोमासाठी तीन वेगवेगळ्या याद्या पूर्ण कराव्या लागतात: क्रेडिटं, ईओसी, आणि कायद्याने लावलेल्या सुट्या अटी. आम्ही सुरुवातीला या तिन्हींची सरमिसळ केली. विषयात पास झालं म्हणजे ईओसी सुटली, असं नाही. ईओसी पास झाली म्हणजे क्रेडिट मिळालं, असंही नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रवेशासाठी गेलो. प्रवेशाच्या कागदांत घरच्या भाषेची पाहणी असते: घरात कोणत्या भाषा वापरतात, मूल घरी कोणती भाषा वापरतं, आधीच्या घरी कोणती होती. आम्ही तिन्ही ठिकाणी मराठी लिहिलं. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लिहिली की चार आठवड्यांच्या आत मुलाची इंग्रजीची चाचणी घ्यावीच लागते. ही चाचणी ‘लास लिंक्स’ नावाची, ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं अशी चार अंगांची. ती टाळण्यासाठी ‘इंग्लिश’ लिहून मोकळं व्हा, असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. तो ऐकू नका. मुलीचं ऐकणं-वाचणं चांगलं निघालं, लिहिणं कमी पडलं, आणि त्यामुळे तिला वर्षभर ईएसएलच्या, म्हणजे दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या, शिक्षिकेची मदत मिळाली. त्याच्या बदल्यात दर वसंतात ‘टेलपास’ ही भाषेची आणखी एक परीक्षा मागे लागते, इतकंच.

मग क्रेडिटं. परदेशातून आलेल्या कागदांचं काय करायचं हे राज्य नव्हे, स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, ठरवते. त्यामुळे शेजारच्या गावातल्या मैत्रिणीच्या मुलाला जे मिळालं ते तुमच्या मुलाला मिळेलच असं नाही. शाळेत मुलांचे विषय आणि क्रेडिटं बघणाऱ्या काउन्सेलरबाईंनी पहिल्या फेरीत हातात दिलेल्या तक्त्यावर फक्त साडेतीन क्रेडिटं होती आणि पाचही ईओसी ‘बाकी’ दाखवल्या होत्या. तो कागद घेऊन गाडीत बसलो तेव्हा कोणीच बोललं नाही.

का कमी मिळाली, ते एकेक करून शोधलं. चार कारणं निघाली आणि चारही आपल्या कागदांतली होती.

पहिलं, नववी. ही मुलं २०२०-२१ ला नववीत होती. कोविडमुळे त्या वर्षी राज्यात नववी आणि अकरावीला परीक्षेविना वर्गोन्नती दिली होती. प्रगतीपुस्तकात गुणांच्या जागी ‘वर्गोन्नत’ एवढाच शब्द. इथल्या माणसाला त्यातून ना विषय कळतात, ना दर्जा. इतर वर्षांच्या मुलांना ही अडचण येणार नाही, पण नववीचं प्रगतीपुस्तक बोर्डाचं नसून शाळेचं असतं आणि बहुधा मराठीत असतं, हे सगळ्यांनाच लागू आहे.

दुसरं, गुण. टेक्सासमध्ये क्रेडिटसाठी ७० लागतात. आपल्याकडे ३५ ला पास. सामाजिक शास्त्रांतले ६४ त्यांना नापास वाटले.

तिसरं, विज्ञान. गुणपत्रकावर ‘सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ अशी एकच ओळ आणि १०० पैकी गुण. बायॉलॉजी हा शब्द कुठेच नाही, म्हणून बायॉलॉजीचं क्रेडिट नाही, म्हणून बायॉलॉजीची ईओसी बाकी.

चौथं, इंग्रजी. मराठी माध्यमाच्या गुणपत्रकावर इंग्रजी ‘२/३ लँग्वेज’ म्हणून येतं. काउन्सेलरने ते परकी भाषा म्हणून धरलं होतं.

इथे राज्याच्या नियमांतली एक ओळ आमच्या फार कामी आली. टेक्सासच्या शाळेत नाव घालण्याआधी मुलाने एखाद्या ईओसीच्या विषयाचं क्रेडिट मिळवलेलं असेल आणि डिस्ट्रिक्टने ते मान्य केलं, तर ती ईओसी डिप्लोमासाठी द्यावी लागत नाही. ‘प्रशासकीय संहिता, शीर्षक १९, प्रकरण १०१’ असं सांगितलं की काउन्सेलरला कळतं. म्हणजे पहिल्या महिन्यात मान्य झालेलं एकेक क्रेडिट पुढची एकेक परीक्षा वाचवतं. तिथे आळस करून चालत नाही.

आम्ही नाशिकच्या शाळेला लिहिलं. मुख्याध्यापकांनी लेटरहेडवर, शिक्क्यासह, इंग्रजीत पत्र दिलं. त्यात पाच गोष्टी मागितल्या होत्या: नववी-दहावीचे विषय, प्रत्येक विषयाच्या आठवड्याच्या तासिका, उत्तीर्णतेची मर्यादा ३५ असल्याचं वाक्य, २०२०-२१ ची वर्गोन्नती शासनाच्या निर्णयाने झाल्याचं वाक्य, आणि शाळेचा ईमेल. शेवटचा महत्त्वाचा, कारण डिस्ट्रिक्टने त्याच पत्त्यावर खातरजमा केली. बंद पाकीट कुरियरने यायला नऊ दिवस आणि २,६०० रुपये लागले. प्रगतीपुस्तकाच्या तीन पानांच्या प्रमाणित भाषांतराला इथे ९० डॉलर गेले. जाण्याआधीच हे पत्र घेऊन ठेवलं असतं तर दोन्ही खर्च वाचले असते आणि महिनाभराची घालमेलही.

विज्ञानासाठी बालभारतीचं दहावीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ कामी आलं. ई-बालभारतीवर इंग्रजी माध्यमाची प्रत फुकट मिळते, भाषांतराची गरज नाही. त्यातलं अनुक्रमणिकेचं पान छापून नेलं. आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रियेचे दोन भाग, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान: दहापैकी सहा धडे सरळ बायॉलॉजीचे. त्यांच्यापुढे पेन्सिलीने खुणा केल्या आणि शेजारी टेक्सासच्या बायॉलॉजीच्या अभ्यासक्रमातले घटक लिहिले. काउन्सेलरबाईंनी तो कागद विज्ञानाच्या समन्वयकांकडे पाठवला. दोन आठवड्यांनी बायॉलॉजीचं क्रेडिट मान्य झालं. भाग १ वर भौतिक आणि रसायन मिळून आणखी एक.

गणिताचं त्याहून सोपं गेलं. आपल्याकडे भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती अशी दोन वेगळी पुस्तकं, वेगळ्या प्रश्नपत्रिका. त्यामुळे अल्जिब्रा १ आणि जॉमेट्री अशी दोन क्रेडिटं समजावून सांगायला फारसं काही लागलं नाही. अल्जिब्रा १ ची ईओसी तिथेच सुटली. मराठी नववी-दहावीची दोन वर्षं म्हणून परभाषेची दोन्ही क्रेडिटं मिळाली. कायद्याला एकाच भाषेची दोन लागतात, म्हणून एक मराठीचं आणि एक हिंदीचं अशी वाटणी होऊ देऊ नका.

इंग्रजीत तडजोड झाली. इंग्लिश १ मान्य, इंग्लिश २ नाही. सप्टेंबरच्या अखेरीस सुधारित तक्ता आला: साडेनऊ क्रेडिटं, दहावीत वर्ग, ईओसी दोनच बाकी, इंग्लिश २ आणि यूएस हिस्टरी.

अकरावीत बसवायला हवं होतं का, हे बरेच जण विचारतात. आम्ही मागे लागलो नाही. बाहेरून आलेले विषय आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कुलाच्या एकत्रित गुणपत्रकावर, नुसते ‘पी’ (पास) म्हणून चढतात, जीपीएमध्ये, म्हणजे गुणांच्या सरासरीत, धरले जात नाहीत. वर्गातला क्रमांक टेक्सासमध्ये फार महत्त्वाचा, कारण १९९७ च्या कायद्याने वरच्या दहा टक्क्यांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो (ऑस्टिनच्या विद्यापीठाची मर्यादा याहून कडक आहे). क्रमांक बसायला तीन वर्षं हातात असणं बरं. या सवलतीसाठी एंडॉर्समेंट आणि अल्जिब्रा २ धरून ‘डिस्टिंग्विश्ड लेव्हल’ लागते. आम्ही स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) एंडॉर्समेंट घेतली. त्यात अल्जिब्रा २, केमिस्ट्री आणि फिजिक्स तिन्ही यावेच लागतात.

ज्यांच्या एखाद्या विषयाचा कागद मान्य होतच नाही, त्यांच्यासाठी ‘क्रेडिट बाय एक्झाम’ आहे. विषय आधी शिकलेला असेल तर ७० टक्के, अजिबात न शिकता द्यायची असेल तर ८० टक्के. तारखा वर्षातून ठरावीकच असतात आणि नोंदणी महिनाभर आधी बंद होते, हे लक्षात ठेवा.

आता इंग्लिश २. एप्रिल २०२३ ला परीक्षा झाली. त्याच वर्षी स्टारचा आराखडा बदलला होता: सगळं संगणकावर, बहुपर्यायी प्रश्न पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त नाहीत, आणि दिलेला उतारा वाचून त्यावर निबंध टंकायचा. निकाल जूनच्या अखेरीस लागला. ‘अप्रोचेस’ ही सगळ्यात खालची पास श्रेणी, आणि इंग्लिश २ ला तिच्यासाठी ३७७५ लागतात. मुलीचे थोडक्यात हुकले. ज्या मुलीने दहावीला इंग्रजीत ऐंशीच्या वर गुण घेतले होते, तिला हा निकाल सोसवला नाही. दोन दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही.

टेक्सासच्या ‘फॅमिली पोर्टल’वर मुलाची जन्मतारीख आणि शाळेकडून मिळालेला कोड घातला की निकाल तपशिलात दिसतो, मुलाने लिहिलेला निबंधही दिसतो. गुण बघून थांबू नका, निबंध उघडून वाचा. बहुपर्यायी भाग तिचा ठीक होता. निबंधात दहापैकी चार होते. निबंधाला दोन अंगं असतात: विचारांची मांडणी आणि विकास हे शून्य ते तीन, भाषेचे नियम हे शून्य ते दोन. हे दोनदा मोजून दहा. मांडणीत शून्य मिळालं तर भाषा कितीही शुद्ध असो, तिथेही शून्यच.

चूक कुठे होती ते मला तिचे सरावाचे निबंध वाचून उमगलं. एका उताऱ्यात शहरातल्या मोकळ्या जागांवर रहिवाशांनी केलेल्या भाजीच्या बागांची माहिती होती. अशा बागांना शहराने पैसे द्यावेत का, हा प्रश्न. तिने सुरुवात केली होती, ‘निसर्ग हा मानवाचा खरा मित्र आहे.’ मग प्रदूषण, मग झाडं लावा, मग आपली जबाबदारी. व्याकरण नीट, शब्द चांगले, आणि उताऱ्यातली एकही ओळ नाही. आपल्याकडे निबंध असाच शिकवतात आणि अशाच निबंधाला गुण मिळतात. इथे तपासणारा फक्त एवढंच बघतो: प्रश्नाला उत्तर पहिल्या परिच्छेदात सरळ दिलं आहे का, प्रत्येक मुद्द्याखाली उताऱ्यातला पुरावा आहे का, आणि तो पुरावा मुद्द्याला कसा लागू होतो हे सांगितलं आहे का.

ईएसएलच्या शिक्षिकेने तिला रंगीत पेनं दिली. स्वतःचं म्हणणं हिरव्यात, उताऱ्यातले शब्द निळ्यात, त्यांचा अर्थ लावणारं वाक्य लाल रंगात. पहिल्या आठवड्यात पानभर हिरवंच होतं. ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक परिच्छेदात तिन्ही रंग दिसायला लागले. जागाही मोजकीच, २,३०० अक्षरं, म्हणजे साधारण चारशे शब्द. त्यात प्रस्तावनेला दोनच वाक्यं परवडतात. लिहिण्याआधी टंकायचा सराव लागतो हेही कोणी सांगत नाही. मराठी माध्यमातल्या मुलांचा हात कागदावर चालतो, कीबोर्डवर नाही.

नापास मुलाला शाळेने जादा शिकवणी देणं कायद्याने बंधनकारक आहे. २०२१ च्या कायद्यात तीस तास होते, २०२३ च्या ‘हाउस बिल १४१६’ ने ते गुणांनुसार पंधरा किंवा तीस केले आणि गट चार मुलांचा ठरवला. पालक लेखी नकार देऊ शकतात. नकार देऊ नका, बाहेर अशा शिकवणीला चांगले पैसे पडतात.

ईओसी वर्षातून तीनदा असते: वसंतात, जूनमध्ये, डिसेंबरमध्ये. कितीही वेळा देता येते, फी नाही. जूनसाठी वेळच उरला नव्हता. डिसेंबर २०२३ ला दुसऱ्यांदा दिली. त्याच फेरीपासून निबंध आधी संगणक तपासतो आणि साधारण चौथा हिस्सा माणसांकडे जातो. निकालाविषयी शंका असेल तर निबंध पुन्हा तपासून मागता येतो. फी ५० डॉलर, गुण वाढले तर माफ. आम्हाला गरज पडली नाही. जानेवारीत निकाल आला, पास होती.

ती पास झाली नसती तर पुढे दोन वाटा होत्या, त्याही सांगते, कारण त्या माहीत असत्या तर त्या सहा महिन्यांत झोप लागली असती. एक, सॅट या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत वाचन-लेखनाला ४८० मिळाले तर ते इंग्लिश २ च्या जागी चालतात. दोन, वैयक्तिक पदवी समिती. २०१५ च्या ‘सेनेट बिल १४९’ ने आलेली ही सोय कमाल दोन ईओसी अडलेल्या मुलांसाठी आहे. मुख्याध्यापक, विषयशिक्षक, विभागप्रमुख आणि पालक एकत्र बसतात, मुलाला जादा अभ्यास आणि प्रकल्प किंवा कामांची फाइल देतात, आणि सगळ्यांचं एकमत झालं तरच डिप्लोमा. एखादी परीक्षा अडली की वर्ष गेलं, असं नाही.

यूएस हिस्टरीची ईओसी अकरावीच्या वसंतात, २०२४ मध्ये झाली. विषय १८७७ नंतरचा. पाठांतराची परीक्षा नाही. व्यंगचित्र, नकाशा, भाषणाचा तुकडा देऊन त्यावर विचारतात. राज्याने खुल्या केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका पुरेशा आहेत, तिने चार सोडवल्या. एक गोष्ट बजावून सांगते: कॉलेजचं ड्युअल क्रेडिट म्हणून, म्हणजे हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरला जाणारा विषय म्हणून, हिस्टरी घेतली तरी ही ईओसी सुटत नाही.

कॉलेजच्या तयारीचं मोजमाप मात्र वेगळं आहे, त्याला ‘टेक्सास सक्सेस इनिशिएटिव्ह’, टीएसआय म्हणतात. ईओसी पास म्हणजे कॉलेजला तयार, असं राज्य मानत नाही. सॅटमध्ये वाचन-लेखनाला ४८० आणि गणिताला ५३० असतील तर टीएसआयची परीक्षा माफ. नाहीतर ‘टीएसआयए २’ द्यायची. तिला वेळेचं बंधन नाही, पण त्याआधी ऑनलाइन पूर्वतयारी पूर्ण केल्याशिवाय बसू देत नाहीत. अकरावी-बारावीत सॅट एकदा शाळेतच मोफत मिळते. मार्च २०२४ ला तिने ती दिली आणि दोन्ही मर्यादा पार झाल्या. मोफतची फेरी तयारी न करता वाया घालवू नका.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बारावीची तपासणी झाली, आणि तिसऱ्या यादीने आम्हाला गाठलं. शारीरिक शिक्षण आणि कला यांचं प्रत्येकी एक क्रेडिट तिने आधीच केलं होतं. राहिल्या होत्या तीन चौकटी. सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला प्रथमोपचार देण्याचं, प्रशिक्षण सातवी ते बारावीत एकदा व्हावं लागतं. इथली मुलं ते मिडल स्कूलमध्येच करून येतात, तिचं कोणी नोंदलंच नव्हतं. पोलिसांनी थांबवलं तर कसं वागायचं याचा धडा आणि चित्रफीत, २०१७ च्या कायद्याने. आणि आर्थिक साहाय्याचा अर्ज. २०१९ च्या ‘हाउस बिल ३’ नुसार फाफ्सा (केंद्र सरकारचा अर्ज) किंवा टासफा (टेक्सास राज्याचा अर्ज) भरल्याशिवाय, नाहीतर ‘भरत नाही’ असा सहीचा फॉर्म दिल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या, मुलांना फाफ्सा भरता येत नाही. टासफा राज्याच्या रहिवाशांसाठी आहे आणि एच-४ वाल्यांना तो रहिवासी दर्जा मिळू शकतो. आम्ही टासफा भरला. पहिल्या दोन चौकटी एका दुपारी पूर्ण झाल्या, टासफाचे कागद गोळा करायला तीन आठवडे लागले.

आता येणाऱ्यांसाठी: २०२५ च्या ‘हाउस बिल ८’ ने स्टार बंद होऊन २०२७-२८ पासून वर्षाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन छोट्या परीक्षा यायच्या आहेत. वर दिलेले गुणांचे आकडे तेव्हा बदलतील. तुमच्या मुलाच्या वर्षाला कोणता नियम लागू, हे काउन्सेलरकडून ईमेलवर लिहून घ्या, तोंडी उत्तरावर राहू नका.

शाळा जूनमध्ये बंद होते आणि मग महिनाभर कोणी भेटत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यातच सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या तीन प्रती घेतल्या, प्रत्येकी पाच डॉलर. एक उघडून पाहिली. पहिल्या पानावर, २०२२ च्या खाली, इंग्लिश १ नंतर दोन ओळी आहेत: मराठी १, पी. मराठी २, पी.